पेंगुळ्याची जांभई

गाद्यांच्या दुकानातल्या त्या विक्रेत्याला मालक पेंगुळ्या म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. सकाळी शटर वर करताना तो पहिली जांभई देई, ती एवढी मोठी की आधी दुकान उघडलं की तोंड, हे समोरच्या चपलावाल्याला कधी सांगता आलं नाही.

नोकरी नवी होती तेव्हा मालक कावले होते. "अरे, गिऱ्हाईक गादी बघायला येतं, तुझी पडजीभ बघायला नाही! पुन्हा दिसली तर घरी बस."

पण त्यांचं बोलणं संपायच्या आत दारात आलेल्या एका जोडप्यातल्या नवऱ्याने जबडा वासला, त्याचं बघून त्याच्या बायकोने. दोघं "जरा टेकून बघतो" म्हणत जवळच्या गादीवर टेकली, आणि उठायची वेळ आली तेव्हा ती गादी सोडून जाणं त्यांच्या जिवावर आलं. गादी खपली. पेंगुळ्याची खुर्ची मालकांनी रस्त्याकडच्या काचेपाशी नेऊन ठेवली.

तेव्हापासून जांभई हाच दुकानाचा धंदा झाला. एकदा दुपारी त्याची जांभई बाहेरच्या पोस्टमनला लागली, त्याने ती बसच्या ड्रायव्हरला दिली, बसने ती शेवटच्या थांब्यापर्यंत नेली आणि संध्याकाळच्या परतीच्या बसने, तिकीट न काढता, ती पुन्हा दुकानात हजर झाली. चपलावाला अजून शपथेवर सांगतो. लागली नाही ती फक्त मालकांना. "माझ्या जबड्याला कुलूप आहे," ते म्हणत.

पेंगुळ्याला या कौतुकाचं काही नव्हतं. हाडं दुखत. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता वाक्याचं शेपूट हातून सुटे. घरी एकच खोली, दोन खाटा, मध्ये हात जाईल एवढी जागा, आणि पलीकडच्या खाटेवर बाबा. बाबा पाठ टेकत आणि घोरायला लागत. मांडणीवरची ताटं एकमेकींना ढुशा देत. मध्येच आवाज थांबे, पेंगुळ्याचा डोळा लागे, तेवढ्यात बाबा नव्या दमाने सुरू. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सलग झोप, एवढंच त्याला आयुष्याकडून हवं होतं.

एक दिवस कान-नाक-घशाची डॉक्टरीण गादी बघायला आली, काचेपाशी पोचली आणि तिनेही तोंड उघडलं. मग हसली.

"लागलीच बघा! पूर्वी म्हणायचे, हवा कमी पडली की जांभई येते. तपासून पाहिलं तर तसं काही निघालं नाही. काही जण म्हणतात, डोकं थंड करायला येते. नक्की कुणालाच ठाऊक नाही. पण लागते हे खरं. आणि आपल्या माणसाची जास्त लागते, असंही काहींना दिसलंय."

"आमच्या घरी मला बाबांचं घोरणं लागलंय," पेंगुळ्या म्हणाला.

"उताणे झोपतात का?"

"झोपतात? पसरतात."

"मग जीभ मागे पडते, घशातला मऊ पडदा सैल होतो, आणि वाट अरुंद झाली की जाणारा-येणारा श्वास त्याला फडफडवतो. दोरीवर वाळत घातलेल्या चादरीसारखा. पाठीशी लांब लोड लावा, कुशीवर राहतील. आणि मध्ये श्वास अडकल्यासारखा वाटला तर दवाखान्यात घेऊन या. ते हसण्यावारी नेऊ नका."

डॉक्टरीण गेली तसे मालक पुढे आले. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

"लोड हवा तर ने. पण सकाळी जांभई नसली तर संध्याकाळी तूही नसशील. ताजातवाना माणूस मला काय करायचाय? तो मी आहेच."

पेंगुळ्या लोडाकडे बघत राहिला. एका हाताला झोप, दुसऱ्या हाताला नोकरी, आणि दोन्ही हात दमलेले. शेवटी त्याने लोड काखेत मारला. नोकरीशिवाय कसं जगायचं ते झोप झाल्यावर सुचेल, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी मालक धास्तावून काचेपाशी उभे. पेंगुळ्या आला तो भिंतीचा आधार घेत. डोळे लालभडक. उंबऱ्यात त्याने जी जांभई दिली, तिने चपलावाला समोरच्या स्टुलावर बसला तो उठेचना.

मालक खूश. "वा! लोड फुकट गेला म्हणायचा?"

"नाही हो. चांगला चालला. आवाजच बंद."

"मग झोपला का नाहीस?"

"आवाज बंद झाला म्हणून तर!" तो धपकन खुर्चीत बसला. "इतकी वर्षं घोरतायत म्हणजे आहेत, एवढं तरी कळायचं. काल काहीच ऐकू येईना. मी उठलो, नाकाखाली बोट धरलं. श्वास होता. आडवा झालो. पुन्हा उठलो. रात्र त्यातच गेली, मालक."

एवढ्यात बाबाच दारात आले, भांग पाडून, टवटवीत. "काय रे, डबा विसरलास! मला काय झोप लागली म्हणून सांगू! फक्त कुणीतरी सारखं नाकात बोट घालत होतं."

"नाकाखाली, बाबा."

"खाली काय, वर काय. माणसाला झोपू द्यावं!"

पेंगुळ्याला हसायचं होतं, पण हसू अर्ध्यावर फिरलं आणि त्याची जांभई झाली. दमलेली, लांब, केविलवाणी. बाबांना लागली. आणि मग मालकांचा जबडा थरथरला, त्यांनी तोंडावर हात दाबला, खोकल्याचं सोंग केलं. काही उपयोग झाला नाही. कुलूप तुटलं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ते जांभई देत राहिले.

"छे," ते कोरड्या आवाजात म्हणाले. "आता मलाही लागायला लागली." पेंगुळ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. "ऊठ. त्या कोपऱ्यातल्या गादीवर पड. बूट काढ आधी! आणि बाबा, तुम्ही शेजारच्या गादीवर. उताणे."

"मी? मी आत्ताच तर उठलोय."

"नमुना म्हणून पडा हो. आणि दुपारी दोघंही त्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन या."

गादीला पाठ लागली आणि बाबा लागलीच सुरू झाले. काचा थरथरल्या. पलीकडे पेंगुळ्याने एकदा हात लांब केला, तो बाबांपर्यंत पोचायच्या आतच गादीवर पडला.

मालकांनी शटर अर्धं खाली ओढलं आणि काचेपाशी, पेंगुळ्याच्या खुर्चीत, स्वतः जाऊन बसले.