गोजरबाईचा बेलभंडारा

सुदर्शन कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचा. 'अ प्रायोरी' हा लॅटिन शब्द त्याचा भारी लाडका. डोळ्यांनी काही न बघता, नुसत्या विचारानं जे कळतं ते! पोरांना शिकवलं तेवढं पुरे होतं. पण नाही, गड्यानं तो शब्द अवसरीला घरी आणला.

त्या सकाळी गोठ्यातलं करडू नाहीसं झालं. घरी कामाला राहिलेली गोजरबाई भीमाशंकरकडच्या डोंगरातली. तीच धावत सांगायला आली, "सर, मागं पत्रा उचकटलाय. चला, बघा तरी."

"बघायचं काय त्यात?" ओट्यावर चहा पीत सुदर्शन म्हणाला. ऊस तुटून गेला, लपायला जागा नाही, म्हणजे बिबट्या नाही. दाराला बाहेरून कडी, म्हणजे काम माणसाचं. कडी रोज लावते कोण? गोजरबाई. झालं! त्याची आई साळुबाई "अरे, उठून बघ की" म्हणत राहिली. हा कसला उठतोय! गल्लीतली माणसं जमली, तसा त्यानं देव्हाऱ्यातला बेलभंडारा गोजरबाईपुढं धरला. "उचल. घे शपथ."

तिनं तो उचलला. "म्या न्हाई घेतलं," एवढंच बोलली, आणि गाठोडं बांधून निघून गेली.

दुपारी साळुबाईनं हाताला धरून त्याला गोठ्यामागं नेलं. पत्र्याला रक्त, करडाचे केस, आणि धुळीत बिबट्याचे हे एवढाले पंजे. सुदर्शनला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी तो गोजरबाईच्या वाडीवर निघाला. वाटेत पुन्हा डोकं चाललंच: हिनं सगळ्यांना सांगितलं असणार, नवरा अंगावर येणार. मार खायचीसुद्धा तयारी केली त्यानं.

नवरा, गोरख, हसत सामोरा आला. "या सर! रोपं टाकायच्या आधी भाताचा राब भाजायचाय म्हणून हिला लवकर धाडलीत, लई बरं केलंत." त्यानं घोंगडी अंथरली आणि पाणी आणायला गेला.

गोजरबाई कोरा चहा घेऊन आली. सुदर्शन कसाबसा बोलला, "गोजरबाई, काल मी तुम्हाला..."

"तो शब्द हितं काढू नका, सर," ती हळूच म्हणाली. "माझ्या घरात मला अजून कुणी चोर म्हटलं न्हाई."

"मग माफी कुठं मागू?"

"जितं म्हणालात, तितं. त्याच माणसांपुढं."

लाजेनं त्याची मान वर होईना. निघताना गोरखनं बळंच पिशवीत तांदूळ घातले. ती पिशवी घेऊन तो एसटीत चढला, आणि गल्लीतल्या त्याच माणसांपुढं माफी मागायला त्यानं अवसरीचं तिकीट काढलं.