पान चारची चौकट

सोमवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी माधवी करंदीकर आपल्या टेबलाशी एकटीच हसली आणि लगेच थांबली.

माजिवड्याच्या त्या कचेरीत एका दैनिकाची ठाणे-कल्याण पुरवणी तयार होते. माधवी तिची उपसंपादक. पान चारवर खाली उजवीकडे विनोदाची एक चौकट असते. डोंबिवलीचे दौलत भोईर ती नऊ वर्षे लिहितात, आठवड्यातून तीनदा. वहीत लिहून पानाचा फोटो पाठवतात. त्या चौकटीला माधवी पूर्वी कधी हसली नव्हती.

सोमवारचा मजकूर असा होता: ‘आमच्या सोसायटीत लिफ्ट बंद असल्याची पाटी लागली. तिसऱ्या दिवशी पाटी चोरीला गेली. सेक्रेटरींनी तातडीने मीटिंग बोलावली. संध्याकाळपर्यंत नवी पाटी लागली.’

तिने तो पुन्हा वाचला. शेवटच्या वाक्यात लिफ्टचे नावच नव्हते. ‘लिफ्ट मात्र बंदच’ असे कोणीही लिहिले असते आणि सगळ्यावर पाणी पडले असते. इथे लिहिणाऱ्याने हात आवरला होता. दौलत भोईर हात आवरणारा माणूस आहे, असे तिला कधी वाटले नव्हते.

तिने मागचे अंक काढले. दोन तारखेपासूनच्या सातही चौकटी अशाच नेमक्या होत्या. त्याआधीच्या सगळ्या नुसत्याच संपत होत्या.

पुरवणीचा प्रमुख सलिल याने अंक पाहिले. “नऊ वर्षं न जमलेलं दोन तारखेला जमलं? हल्ली मोबाइलला सांगितलं की तोही लिहून देतो.”

“मोबाइलला विनोद जमत नाही.”

“दौलतरावांना जमत होता? शनिवारपर्यंत खात्री कर. दुसऱ्याचं निघालं तर चौकट बंद. आणि का बंद केली ते छापू, नावासकट.”

मंगळवारी अकरा वाजता माधवी डोंबिवलीला भोईरांच्या घरी पोहोचली. दौलत रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले, बोलणे मोजके. त्यांची पत्नी रखमाबाई मटार सोलत समोर बसली. माधवीने सरळ विचारले, “हल्ली कोणी मदत करतं का लिहायला?”

“कोण करणार?” दौलत म्हणाले.

“लिफ्टची गोष्ट कशामुळे विनोदी होते, सांगाल?”

“नाही सांगता येणार. सांगितलं की मरते ती.”

हे उत्तर जाणत्या माणसाचे होते, किंवा पाठ करून ठेवलेले. माधवीने दोन्ही शक्यता मनात नोंदवल्या आणि वही मागितली.

वहीत गेल्या वर्षीचा एक मजकूर तिला ओळखीचा वाटला. अंकात तो असा छापला होता: ‘डॉक्टरांनी काकांना रोज चालायला सांगितले. काका शीळफाट्याच्या कोंडीत तासभर गाडीत बसून होते. शेजारून एक माणूस चालत पुढे गेला.’ वहीत पुढे आणखी होते: ‘काकांनी काच खाली करून त्याला हाक मारली. म्हणाले, पुढे जाताय तर आमच्या घरी सांगाल का, जेवायला थांबू नका.’

माधवीने दहा मजकूर फोनमधल्या जुन्या अंकांशी ताडून पाहिले. दहाही मजकुरांचा शेवट अंकात नव्हता.

“तुम्ही कधी बोलला नाहीत?”

“दोनदा फोन केला. जागा नाही म्हणाले.”

“नऊ वर्षं लोक यांना गाठून विचारतायत, पुढं काय झालं,” रखमाबाई म्हणाली. “मी म्हटलं, लिहायचं तर पुरतं लिहा. हे म्हणे, लिहिलंय.”

मग माधवीला शाई दिसली. प्रत्येक मजकूर काळ्या शाईत होता. शेवट मात्र निळ्या.

“हे नंतर लिहिलंय?”

“दुसऱ्या दिवशी, मगच फोटो काढतो. पहिल्या दिवशी सुचतं ते नेहमी चुकतं.”

“दुसऱ्याच दिवशी? की या महिन्यात?”

रखमाबाईचे हात थांबले. “बाई, चहा घेणार होतात ना? की त्याच्यातबी काय शोधणार?”

पाठवलेले जुने फोटो दौलतांकडे नव्हते. फोन गेल्याच महिन्यात नवा घेतला होता.

चौकट टाइप करून पानात बसवणारे रतन गेल्या महिन्याच्या एकतीस तारखेला निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी आलेल्या सोनलने पानाची मांडणी बदलून चौकट दोन बोटे वाढवली होती. बुधवारी माधवीने रतनना कल्याणला फोन केला.

“कापायचो ना,” रतन म्हणाले. “मजकूर मावला नाही की खालून कापायचं. बातमीत महत्त्वाचं वर असतं. मला तसंच शिकवलेलं.”

“विनोद बातमी नसतो, रतनदादा.”

“मग बातम्यांच्या पानावर कशाला ठेवलात?”

“कापलेली वाक्यं आठवतात?”

“मॅडम, वाचायला वेळ कोणाला होता?”

चौकटीचे फोटो ज्यावर यायचे तो ऑफिसचा फोन त्यांनी जाताना जमा केला होता. तो पुसून सोनलला देण्यात आला होता.

माधवीने सलिलला सगळे सांगितले. चौकट खालून कापलेली ती पाने तिनेच नऊ वर्षे तपासून सोडली होती, हेही सांगितले.

“कापलं हे खरं,” सलिल म्हणाला. “पण हेच कापलं, याला पुरावा काय? निळी शाई काल आणता येते.”

“आणि आपली चूक?”

“त्यांचं आधी ठरू दे.”

गुरुवारी चौकटीच्या जागी शिकवणीची जाहिरात गेली.

शुक्रवारी दुपारी दौलत भोईर यांच्याकडून नवा मजकूर आला, पाच ओळींचा. माधवीने तो शेवटपर्यंत वाचला, सोनलला पाठवला आणि वर लिहिले: कापू नये, काही जोडूही नये. संध्याकाळी सातला पान चार छपाईला जायचे होते. पावणेसात वाजता सलिल फोनवर होता, आणि चौकट घ्यायची की नाही ते त्याने अजून सांगितले नव्हते.