बारा वर्षांची ज्येष्ठता

मी लिंबाजीच्या नोकरी-नोंदणीचं कार्ड. सकाळपासून त्याच्या खिशात धडधडतोय, म्हणून बोलतोय.

१९८८ साली लातूरच्या सेवायोजन कार्यालयात माझा जन्म झाला. निलंग्याकडचा लिंबाजी, सातवीतच शाळा सुटलेला, लाजत खिडकीशी उभा होता. कारकून म्हणाला, "दर तीन वर्षांनी स्वतः येऊन नूतनीकरण करायचं. चुकलास तर ज्येष्ठता गेली. नंबर लागला की बोलावणं येईल."

लिंबाजीने त्याची खूणगाठ बांधली.

त्र्याण्णवच्या भूकंपात घर बसलं. दगडांखालून त्याने पत्र्याची पेटी ओढली, मला काढून धूळ फुंकली.

"हे हाय, म्हंजे सगळं हाय."

"दोन पत्रे आन् तुमचं कार्ड," त्याची बायको चांगुणा म्हणाली. "झाला संसार!"

दोघं लातुरात आली. गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागत होत्या. ती विद्यार्थ्यांच्या खानावळीत पोळ्या करू लागली, हा एका क्लासपुढे सायकली ओळीने लावू लागला. दर तीन वर्षांनी मला नूतनीकरणाला नेई; बारा वर्षं झाली, बोलावणं काही आलं नाही.

गेल्या आठवड्यात चांगुणाने खानावळीतलं वर्तमानपत्र आणलं. नांदेडच्या एका सरकारी कार्यालयात शिपायाच्या जागा होत्या. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं : सेवायोजन कार्यालयात नोंद असलेल्यांनीही स्वतंत्र अर्ज करावा.

"माझा नंबर हाय की. मधीच घुसू काय?"

"अवं, नियम बदलला! लाईन कवाच मोडली, तुमी एकटेच उभे. फुडल्या जाहिरातीला वय बसंल का तुमचं?"

अर्ज भरला, पण 'देऊ का नको' यात पाच दिवस गेले. आता पोस्टाने पोचणार नव्हता. आज अर्ज देण्याचा शेवटचा दिवस, आणि माझ्या नूतनीकरणाचाही. एक लातुरात, एक नांदेडला; लातूरच्या रांगेत उभं राहिलं तर पाचच्या आत नांदेड गाठणं जमणार नव्हतं.

सकाळपासून स्टँडवर लिंबाजी चार पावलं सेवायोजन कार्यालयाकडे जाई, पुन्हा बसकडे येई. मला काढी, बघी, खिशात घाली.

कंडक्टर ओरडला, "मामा, चढता का गाडी ओवाळता?"

बाराच्या गाडीत लिंबाजी चढला.

अहमदपूर गेलं, लोहा गेलं. त्याचा अंगठा माझ्या नंबरावर फिरत होता. घामाने शाई फुटली. मला ओरडावंसं वाटे : अरे, मला सोड, घड्याळ बघ!

साडेचारला तो नांदेडच्या खिडकीशी पोचला. बाईंनी अर्ज घेतला, माझ्याकडे पाहिलं.

"याची मुदत आज संपतेय. माहीत आहे ना?"

"हाव. म्हाईत हाय."

या वेळी तो अडखळला नाही. बाईंनी शिक्का मारून पोच दिली. त्याने ती घडी न घालता हातातच धरली.

पाच वाजले. माझी ज्येष्ठता संपली. त्याला नोकरी लागेल का, मला ठाऊक नाही. जीव अजून थाऱ्यावर नाही. पण वाचकहो, तुमच्या पेटीत माझा एखादा भाऊबंद असेल, तर त्याच्यावर विसंबून बसू नका. आम्हाला फक्त थांबता येतं. उठून जाणं तुमच्या पायांत आहे.