मोजणीचे सहा दिवस

हे काम का घेतलंत असं कुणी विचारलं की कंडक्टर सांगायचा, बसून करायचं आहे म्हणून. ते खरंही होतं. एक स्टूल, एक छत्री, मुठीत मावेल एवढं एक यंत्र आणि रस्त्यावर आखलेली पिवळी रेघ, एवढाच सगळा पसारा. रेघ दिव्याच्या खांबापासून निघून समोरच्या बँकेच्या पायरीला टेकत होती. तिच्यावरून माणूस गेला की अंगठ्याने कळ दाबायची, आकडा एकाने वाढायचा. सकाळी आठ ते दुपारी चार.

एकतीस वर्षं त्याने बसमध्ये माणसं मोजली होती. निवृत्त होऊनही लोक त्याला कंडक्टरच म्हणत. दोन वर्षांपूर्वी बायको गेली, आणि तेव्हापासून घरी बसणं काय नि रस्त्यावर बसणं काय, त्याला सारखंच होतं.

या भागात एकेक ऑफिस वीस-वीस मजल्यांचं. तीन वर्षं ती ऑफिसं घरून चालली आणि खालच्या रस्त्याचा जीव गेला. आता कंपन्यांनी फर्मान काढलं होतं, मंगळवार, बुधवार, गुरुवार यायलाच पाहिजे. बँकेसमोरची दुकानांची ओळ नगरपालिकेच्या मालकीची. पालिकेला ती पाडून तिथे गाड्या लावायची जागा करायची होती. दुकानदार म्हणाले, आता माणसं परत येतायत, थांबा. शेवटी ठरलं की दोन आठवड्यांतले हे सहा दिवस मोजायचे. बारा हजार माणसं रेघेवरून गेली तर ओळ आणखी वर्षभर राहील. नाही गेली तर नाही.

नियम एकच होता. ओळीतले दुकानदार धरायचे नाहीत, ते काय तिथेच असतात. कंडक्टर सगळ्यांना ओळखत होता, म्हणून तर पालिकेच्या मॅडमनी त्याला बसवलं. त्या ओळीतलं तिसरं दुकान कपडे दुरुस्तीचं आहे, आणि ते त्याची बायको आणि तिची धाकटी बहीण मिळून चालवत होत्या, हे त्याने मॅडमना आधीच सांगून टाकलं होतं. मॅडम म्हणाल्या, "काका, तुमच्याबद्दल मी चौकशी केलीय. तुम्ही मोजा."

पहिल्या मंगळवारी माणसं आली. झोपेतून उठवून आणल्यासारखी आली. खाली मान, कानात वायरी, हातात घरून आणलेला डबा. नवाला आत, पाचला बाहेर. एक गृहस्थ बंद पडलेल्या उपाहारगृहाच्या काचेवरची यादी वाचत उभा राहिला. यादी तीन वर्षांपूर्वीची. पूर्ण वाचून झाली, घड्याळ बघितलं आणि गेला. कंडक्टरने त्याचा एक धरला. माणूस काय करतो हे मोजायचं नव्हतं, फक्त गेला की नाही ते.

साडेदहाला धाकटी चहा घेऊन आली. त्याची मेहुणी, पण घरात सगळे तिला धाकटीच म्हणत.

"किती झाले, भाऊजी?"

"सांगता येत नाही."

"मलापण?"

"तुला तर नाहीच."

"लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या बसमध्ये चढले होते तेव्हाही माझं तिकीट फाडलं होतंत. ताई आठवडाभर तुमच्याशी बोलली नव्हती."

"तीन दिवस."

"तेही मोजलेत का?" ती हसली. मग म्हणाली, "चहा आत येऊन प्या की. उन्हात कशाला?"

"रेघ सोडता येत नाही."

तिने पेला त्याच्या हातात दिला. रेघ दोन आठवड्यांची होती. दुकानाची पायरी तो दोन वर्षं चढला नव्हता. आत काचेजवळ बायकोचं मशीन होतं, वर फुलाफुलांची खोळ घातलेली. ते बाहेरूनही दिसायचं. स्टूल ठेवताना त्याने तोंड बँकेकडे केलं होतं.

दुसऱ्या आठवड्याच्या बुधवारपर्यंत ओळीत सगळ्यांना अंदाज आला की काम कठीण आहे. आकडा कुणाला माहीत नव्हता, पण धंदा माहीत होता. माणसं जात होती, थांबत नव्हती. सलूनवाला म्हणाला, "पूर्वी दुपारी माझ्याकडे चार जण ओळीत बसायचे. आता आरशात मीच मला दिसतो." डोकं चालवणारा तोच होता. बुधवारी शटर ओढताना त्याने सगळ्यांना गोळा केलं.

"उद्या जेवणाच्या सुट्टीत आपण जायचं. बँकेला वळसा मारायचा, परत यायचं. चार-पाच फेऱ्या. चौदा दुकानं आहेत, घरटी दोन माणसं धरा."

"कंडक्टर ओळखेल ना," झेरॉक्सवाला म्हणाला.

"म्हणून वेष बदलायचा. ऑफिसातला माणूस करायला लागतं काय? गळ्यात पट्टा, तोंडावर कंटाळा."

गुरुवारी साडेबाराला कंडक्टरच्या समोरून टाय लावलेला, काळा चष्मा घातलेला एक साहेब गेला. अंगठा दाबला गेला. मग साहेबाची चाल दिसली. खुर्चीभोवती फिरून फिरून सलूनवाला तिरका चालायचा. कंडक्टरने कागदावर लिहिलं, वजा एक.

त्याच्यामागे झेरॉक्सवाला, गळ्यात निळ्या फितीचं ओळखपत्र, त्यावर स्वतःच्या दुकानाची जाहिरात. चष्मेवाल्याने ओळखू येऊ नये म्हणून चष्मा काढला होता, तो थेट खांबावर आदळला आणि खांबालाच सॉरी म्हणाला. धाकटी छातीशी फाइल धरून गेली, मान वर, ओळख नसल्यासारखी.

कंडक्टरने कळीवरून अंगठा काढून घेतला.

दुसऱ्या फेरीत सलूनवाला दबक्या आवाजात म्हणाला, "दाब की लेका! काय अंगठा झिजणार आहे?"

"पुढे चला," कंडक्टर म्हणाला. "पुढे चला, मागे जागा करा."

"कंडक्टर, पोटावर पाय आणतोयस तू आमच्या."

"पुढे चला."

ते पुढे गेले आणि तिसऱ्या फेरीला बँकेमागे वळले. तेव्हा कंडक्टरने पहिल्यांदा मान मागे वळवली, ते का कुणास ठाऊक. ओळीतली चौदाच्या चौदा दुकानं उघडी होती आणि आत चिटपाखरू नव्हतं. सलूनच्या दारात ऑफिसातले दोघे उभे होते. रिकामी खुर्ची बघितली, एकमेकांकडे बघितलं, गेले. झेरॉक्सच्या दुकानात एक मुलगी हातात कागद घेऊन "अहो, आहे का कुणी?" म्हणत होती. तीन वर्षं ज्यांची वाट बघितली ती माणसं आली होती, आणि दुकानदार गर्दी करायला गेले होते.

तिसऱ्या दुकानाच्या दारात पस्तिशीची एक बाई होती. हातावर राखाडी जॅकेट. तिने टेबलावर टकटक केलं, आत डोकावली, घड्याळ बघितलं. आणखी एकदा टकटक केलं आणि वळली.

कंडक्टरने बँकेच्या बाजूला बघितलं. धाकटी कुठे दिसत नव्हती.

तो उठला. छत्री कलंडली, ती तशीच राहू दिली. पायरी चढला आणि म्हणाला, "थांबा, थांबा. येईलच ती. काय आहे?"

"चेन तुटलीय. मला एकची मीटिंग आहे. पाचला निघायच्या आधी मिळेल?"

टेबलाला वळसा घालून तो आतल्या बाजूला गेला. पावतीपुस्तक डाव्या खणात होतं, पेन त्याच्या दोऱ्याला बांधलेलं. त्याने लिहिलं, राखाडी जॅकेट, चेन, पाच वाजता. पावती फाडून दिली. बाई आभार मानून घाईघाईने गेली.

आता त्याला परत जायला हवं होतं. तो गेला नाही. मशीनच्या तेलाचा आणि गरम इस्त्रीचा वास तसाच होता. खोळीखालून मशीनचं पायडल दिसत होतं, मधे झिजून पांढरं झालेलं. आत पाऊल टाकलं की आपलं काहीतरी होईल, इतक्या दिवसांची त्याला हीच धास्ती होती. रडू येईल, लोकांसमोर शोभा होईल. तो उभा राहिला आणि वाट बघत राहिला. काही झालं नाही. दातावर औषध लावल्यावर जीभ फिरवून बघावी, तसं त्याने मशीन बघितलं, खुर्ची बघितली, भिंतीवरच्या खिळ्याला लावलेली तिची कात्री बघितली. दात होता, दुखणं नव्हतं. ही गोष्ट बरी की वाईट हेही त्याला ठरवता येईना.

धाकटी धापा टाकत आली. "रिकामं स्टूल बघून धावत आले! म्हटलं, चक्कर आली की काय..." मग तो कुठे उभा आहे हे तिच्या लक्षात आलं. तिने फाइल हळूच टेबलावर ठेवली.

"गिऱ्हाईक आलं होतं," तो म्हणाला. "चेन आहे. पाचला पाहिजे."

"भाऊजी, तुम्ही आत आलात."

"तू नव्हतीस म्हणून."

स्टुलावर परत बसला तेव्हा घड्याळात एक वाजला होता. वीस मिनिटं गेली होती. त्याने कागदावर लिहिलं, बारा चाळीस ते एक, जागेवर नव्हतो.

चारला मॅडम आल्या. खांबाशी उभं राहूनच त्यांनी सहा दिवसांची बेरीज केली, मग पुन्हा केली.

"अकरा हजार नऊशे शहाऐंशी." त्यांनी वर बघितलं. "चौदा कमी, काका."

मॅडमनी कागदावरच्या नोंदीवर बोट ठेवलं.

"ही वीस मिनिटं रिकामी आहेत. बाकीचे सगळे दिवस याच वेळात ऐंशीच्या आसपास आहेत. ऐंशी लिहू?"

"आज तसं नव्हतं. आज या वेळात ओळीतलेच फिरत होते."

"मग तुमचा अंदाज? मला माझ्या मनाने भरता येणार नाही. तुम्ही सांगाल ते लिहीन. किती गेले असतील?"

त्याला माहीत नव्हतं. पाठ रस्त्याकडे होती. पाच गेले असतील, पन्नास गेले असतील. एकतीस वर्षांत एकदाही त्याने न बघितलेला माणूस धरला नव्हता, आणि बघितलेला सोडला नव्हता. तपासनीस चढला की बाकीचे कंडक्टर घाईघाईने हिशेब जुळवायला लागायचे, हा मात्र बॅग उघडून पुढे करायचा. बायको त्यावरून त्याची थट्टा करायची की तुम्हाला स्वर्गातसुद्धा दारावरच बसवतील.

"वीस," तो म्हणाला.

"वीस?"

"हो."

मॅडमनी त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग वीस लिहिले. त्याने सही केली. सही नेहमीसारखीच आली.

दुकानात जाऊन त्याने धाकटीला सांगितलं, "झाले. वर सहा."

धाकटीने मशीन थांबवलं. एक हात तोंडावर ठेवला आणि तशीच बसून रडली. तो टेबलापलीकडे उभा राहून बघत होता. बाहेर ओळीत बातमी फिरली, सलूनवाल्याची आरोळी ऐकू आली, "माझ्या डोक्यातून निघालं होतं हे!" कुणी त्याला खरं सांगायला गेलं नाही.

डोळे पुसून धाकटी म्हणाली, "मघाशी खरंच वीस जण गेले होते?"

"बघितलं नाही."

"भाऊजी!"

"एक आत आली होती. तेवढी बघितली."

मग जॅकेट मशीनखाली सरकवत म्हणाली, "वर्षभराने परत मोजतील."

"मोजतील."

"शुक्रवारी, सोमवारी इथे कुत्रं फिरकत नाही. तीन दिवसांची गर्दी आणि चार दिवसांचा सन्नाटा. वर्षभरात काय उजाडणार आहे?"

"ते मला काय माहीत?"

"नाही, मी आपलं विचारलं." तिने दोरा दातांनी तोडला. "ती पाचला येईल. तुम्हीच द्या तिला. माझे डोळे बघा कसे झालेत, मी नाही पुढे येणार."

पाचला पाच कमी असताना बाई आली. कंडक्टरने जॅकेट घडी उलगडून पुढे केलं. तिने चेन दोनदा वर-खाली केली.

"छान झालंय. बरं झालं दुकान आहे ते. मी येताना विचारच करत होते, असेल की बंद झालं असेल." तिने आत नजर टाकली. "पूर्वी इथे एक मोठ्या बाई बसायच्या ना, काचेजवळ? मी कायम घाईत असायचे, तर त्या मला 'आली आगगाडी' म्हणायच्या. बऱ्या आहेत ना त्या?"

आत धाकटीचं मशीन थांबलं.

दोन वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. शेजारी होते, नातलग होते, ओळीतले होते, सगळ्यांना माहीतच होतं. सगळे हॉस्पिटलपासून बरोबर होते. कुणाला सांगायची वेळच आली नव्हती.

"वारली," तो म्हणाला. त्याने पुन्हा सांगितलं, "वारली ती. दोन वर्षं झाली."

"अरे देवा. मला माहीतच नाही. आम्ही सगळे घरूनच..." बाईने जॅकेट छातीशी धरलं. "तुम्ही त्यांचे...?"

"माझी बायको."

बाहेर माणसं घरी निघाली होती. तिने पर्स उघडली आणि हळू आवाजात विचारलं, "किती द्यायचे?"

त्याला दर माहीत नव्हता. तो आत वळून धाकटीला हाक मारायला गेला, आणि हाक बायकोच्या नावाची निघाली.