अप्पांची बॅटरी

मंगळवारपासून माझ्या लॅपटॉपच्या कोपऱ्यात अप्पांची बॅटरी दिसू लागली. लॅपटॉपची स्वतःची कुठे गेली ते कळलं नाही. चार्जर लावला तरी आकडा ढिम्म हलेना. अप्पांनी पेरू खाल्ला तेव्हा मात्र तो जरा वाढला, आणि ते गच्चीवर जाऊन आले तेव्हा चांगलाच उतरला.

अप्पा म्हणजे माझे वडील. शाळेत चित्रकला शिकवायचे. आई गेल्यापासून सांगलीच्या घरात आम्ही दोघंच.

"किती आहे?" त्यांनी विचारलं.

"एकोणीस टक्के."

"वाटत नाही तसं," ते म्हणाले आणि पेपर वाचू लागले.

माझा लॅपटॉप लिनक्स या प्रणालीवर चालतो. त्यात बिघडलेलं आपलं आपणच शोधायचं असतं. मी वीज वाचवायची सोय चालू केली. अप्पांचा आवाज लगेच खाली आला. स्क्रीनचा उजेड कमी केला, तसा त्यांचा निळा सदरा राखाडी झाला, मग कानही. एक शब्द बोलून झाला की दुसरा यायला फार वेळ लागायचा. मी त्यांचा जिना बंद केला, मग अंगण, मग उभं राहणं. खोलीच्या खिडक्या आपणहून अरुंद झाल्या. आकडा उतरतच राहिला.

मागे कोणते प्रोग्रॅम चालू आहेत ते पाहिलं. सगळ्यांत वर आईचं नाव होतं. सगळ्यांत जास्त वीज तीच घेत होती. मी कर्सर तिच्यावर नेला.

"तिला," अप्पा खुर्चीतून म्हणाले. मी थांबले. "हात लावू नकोस."

मी कर्सर बाजूला घेतला आणि नौशादला फोन लावला. तो माझ्या ऑफिसात आहे, लिनक्स मला त्यानेच शिकवलं.

"वडील नऊ टक्क्यांवर आलेत," मी म्हणाले.

"नवा कर्नल टाकलास का? आतला मूळ प्रोग्रॅम?"

"वडिलांवर?"

"लॅपटॉपवर गं."

"नाही."

"मग आकडाच चुकत असेल. जुन्या बॅटरीला स्वतःचा अंदाज राहत नाही. एकदा पूर्ण उतरू द्यायची, बंद पडेपर्यंत. मग मध्ये न थांबता भरायची."

"आणि आकडा खरा असला तर?"

"ते उतरवल्याशिवाय कसं कळणार?"

फोन स्पीकरवर होता. उभं राहणं बंद असूनही अप्पा उठून उभे राहिले होते. माझ्याकडे पाहत ते सावकाश म्हणाले, "उतरू दे."

मी वीज वाचवणं बंद केलं, उजेड पूर्ण वाढवला. सदरा इतका निळा झाला की मला डोळे बारीक करावे लागले.

"नदीवर जाऊ," अप्पा म्हणाले. "पोहून किती वर्षं झाली."

दुपारी घाटावर कुणी नव्हतं. अप्पांनी सदरा काढून माझ्याकडे दिला आणि कृष्णेत उतरले. मी पायरीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले. त्यांच्या प्रत्येक हाताबरोबर आकडा खाली येत होता.

"अप्पा, चार!"

"बरं!"

"दोन! वळा आता!"

ते वळले नाहीत. एक झाला. मी ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात शून्य झालं आणि स्क्रीन काळी पडली.

पात्राच्या मधोमध अप्पांचं डोकं वर होतं.

"किती?" त्यांनी विचारलं. आवाज खणखणीत आला.

"दिसत नाही!"

"मग छान झालं," ते म्हणाले. ते उताणे झाले, दोन्ही हात पोटावर ठेवले आणि तसेच, काहीही न हलवता, प्रवाहाच्या उलट वर निघाले. पाणी त्यांना अलगद वाट देत होतं.

मी लॅपटॉप पायरीवर ठेवला, चपला काढल्या आणि काठाकाठाने त्यांच्याबरोबर चालू लागले.