आतून लागलेली कडी

मी न्हाणीघराच्या दाराची कडी. एरवी माझं बोलणं म्हणजे एक 'खट्ट', त्यापलीकडे कुणी माझ्याकडून काही ऐकलेलं नाही. पण आज बोलल्याशिवाय इलाज नाही. ज्या पोरीसाठी माझा जन्म झाला ती मला पुन्हा मागते आहे, आणि तिच्या बापाला तिला नाही म्हणता येत नाही.

बाप म्हणजे अमरसिंह. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात लेथवर काम करतो. जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून त्यानं उरलेल्या सळईच्या तुकड्यातून मला घडवलं, घासून गुळगुळीत केलं आणि खिशात घालून शिवाजी पेठेतल्या घरी आणलं. बाजारातल्या पत्र्याच्या कड्या चार दिवसांत वाकतात. मी वाकणार नाही अशी केलेली. त्याचा मला केवढा तोरा होता म्हणून सांगू!

माझ्या आधी त्या दाराला एक साधी कडी होती. अमरसिंहाच्या मुलीला, अनुजाला, नववीत असताना फिट यायला लागल्या. डॉक्टरांनी औषध दिलं आणि बजावलं, की गोळी चुकवायची नाही, जागरण करायचं नाही, उपाशी राहायचं नाही, आणि आंघोळीला गेल्यावर आतून कडी लावायची नाही. अमरसिंहानं त्याच संध्याकाळी जुनी कडी उपटून टाकली.

पोरगी शहाणी. झोपायच्या वेळी मोबाइल आपणहून आईच्या हातात द्यायची. सकाळी खाल्ल्याशिवाय शाळेची पायरी चढायची नाही. बसून आंघोळ करायची आणि अंगावर पाणी घेता घेता बाहेरच्या आईशी बडबडत राहायची. कितीतरी दिवस फिट आली नव्हती. तिनं सगळं पाळलं. पाळलं नाही ते घरानं.

अमरसिंहाची थोरली बहीण आक्का, राधानगरीकडे दिलेली. तिनं ताकीद देऊन ठेवली होती, "ह्यातलं एक अक्षार भाईर जाता कामा नये. उद्या पोरीचं लगीन करायचं हाय." त्यामुळे पाहुणे आले की गोळ्यांची डबी पिठाच्या डब्यामागं जायची. दाराला कडी का नाही, हे कुणी कुणाला सांगायचं नाही.

मग व्हायचं तेच झालं. आक्काच्या सासरची माणसं त्यांच्याकडच्या एका लग्नाच्या खरेदीला आली. सकाळी त्यातल्या एकानं न्हाणीघराचं दार लोटलं. माणूस वाईट नव्हता. त्याला ठाऊकच नव्हतं. अनुजा किंचाळली, तो 'चुकलं, चुकलं' म्हणत मागं सरला, आणि सोप्यात, बाहेरच्या बैठकीत, कुणीतरी फिस्सकन हसलं. ते हसणं तिच्या वर्मी लागलं. दिवसभर ती खोलीबाहेर आली नाही. पाहुणे गेल्यावर बापाला एवढंच म्हणाली, "पप्पा, मला कडी पायजे. दुसरं काय मागत न्हाय मी."

म्हणून मी आले. पाहुणे असतील तेव्हाच लावायची, असं तिनं आईला वचन दिलं. पहिल्यांदा मला सरकवलं तेव्हा ती दाराला कपाळ टेकून नुसती उभी राहिली. तिचा श्वास सैल झालेला मला कळला. मला वाटलं, आपण हिची राखण करतोय.

पुढच्या खेपेला आक्का पाहुण्यांना घेऊन आली तेव्हा गप्पा रंगल्या. त्यांच्यासमोर डबी काढायची कशी, म्हणून गोळी राहिली. सगळ्यांची अंथरुणं सोप्यात पडली, त्या गलक्यात झोप राहिली. सकाळी आधी पावण्यांचं चहापाणी, म्हणून न्याहारी राहिली. आणि अनुजा टॉवेल घेऊन आत आली, तिनं मला सरकवलं. खट्ट.

आधी तिचा आवाज थांबला. मग बादली कलंडली, आणि ती पडली.

"अनू? अनू, बोल की गं!" आईनं दार ढकललं. मी घट्ट. तिनं पुन्हा ढकललं. मी घट्टच. आत पोरीचे हातपाय फरशीवर आपटत होते. मला कसं सांगू काय वाटलं! वस्तूला जीव नसतो असं तुम्ही म्हणता. मला त्या घडीला जीव होता, हात नव्हते. नुसतं एक बोटभर मागं सरकायचं होतं, आणि ते काम माझं नव्हतं, ते आतून कुणीतरी करायचं होतं.

आक्का धावत आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "वरडू नको. भाईर पावणं बसल्यात. ईल आपसूक सुदीवर."

आईनं तोंडावर हात दाबला. अगं बाई, ओरड! मोडा मला, फोडा, काहीही करा! आतला धडधडाट ऐकत ती माऊली उभी राहिली, एकदा आक्काकडं बघितलं, एकदा दाराकडं. मग असा टाहो फोडला की गल्ली दणाणली.

"पळा रं! माझ्या पोरीला फिट येत्यात! आत पडलीया! दार मोडा!"

इतके दिवस दडवलेलं एका दमात बाहेर पडलं. पाहुणेच धावले. खांदे आदळले. मी वाकले नाही, चौकट फुटली. शेजारच्या झुंबरबाईनं बाप्यांना तिथंच थोपवलं आणि चादर घेऊन ती आत शिरली. कुणीतरी चप्पल पुढं केली. आई गरजली, "काय हुंगवायचं न्हाय! तोंडात काय घालायचं न्हाय! कुशीवर ऱ्हाऊ दे तिला."

अनुजा वाचली. भुवईवर टाके पडले. कारखान्यातली पाळी संपवून अमरसिंह आला, त्यानं मला फुटक्या लाकडातून ओढून काढलं. मी होते तशीच सरळ. मला मुठीत धरून तो ओट्याला टेकून बसला आणि लहान पोरासारखा रडला.

तेव्हापासून मी त्याच्या हत्यारांच्या पिशवीत आहे. चौकट दुरुस्त झाली, पण पोरीचं मन नाही. गल्लीत कुजबूज आहे, आक्काचा अबोला आहे. अनुजा रोज बापामागं लागते, "आता तर समद्यांस्नी कळलंय. समदी त्या दाराकडंच बघत्यात. लावा की कडी, पप्पा." भुवईवरची जखम तिला दिसत नाही, ते हसणं अजून ऐकू येतं.

काल तो विरघळला. मला पिशवीतून काढून दारापाशी गेला, स्क्रू लावायला घेतला. तेवढ्यात बाहेरून हाक आली. पाहुणे. तो मला हातात घेऊनच उंबऱ्यापर्यंत गेला.

"चपला काढायच्या आदी ऐका," तो म्हणाला. मला त्यानं मुठीत आवळलं होतं. "माझ्या पोरीला फिट येत्यात. ती आंघोळीला गेली की दार नुसतं लोटलेलं असतंय. तिकडं कुणी पाऊल टाकायचं न्हाय. पटत असंल तर या."

एक पावणं आल्या पावली परत गेलं. बाकीचे चपला काढून आत आले. अनुजा मागं टॉवेल घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं, हात पुढं केला. बापानं मूठ उघडली नाही. ती पाय आपटत आत गेली. दार लोटलं गेलं.

पाणी पडत होतं. मग थांबलं. सगळं घर कान देऊन बसलं. अमरसिंहाच्या मुठीत माझा जीव टांगणीला लागला.

"अनू?"

उत्तर नाही.

"अनू!"

"हाय की, पप्पा! साबण लावतोय! किती येळा इचारतासा!"

तिच्या आवाजात राग होता, रडू होतं. मूठ सैल झाली, पण ती उद्याही अशीच आवळेल, परवाही. म्हणून हात जोडते, जे मला नाहीत तेच. मला भंगारात घाला. कुणाकडे पाहुणे म्हणून गेलात तर हाक दिल्याशिवाय दार लोटू नका. आणि तुमच्या घरात अशी लेक असेल तर उंबऱ्यातच सांगून टाका. तिला माझी गरज पडू देऊ नका.