उदास माणसाची गोळी

धुळा मेटकऱ्याला नागीण झाली तेव्हा अख्खी वाडी त्याचा डावा खांदा नि पाठ बघायला लोटली. नागिणीचं तोंड नि शेपूट भेटलं की माणूस संपला, हे सगळ्यांना ठाऊक. त्यामुळं जो येईल तो वीत लावून अंतर मोजून जायचा. भेट काही झाली नाही. फोड सुकले, खपल्या पडल्या, त्याच्या बायकोनं, बनाबाईनं, बिरोबाला नारळ फोडला. सुटलो बाबा, म्हणेपर्यंत डाव्या खांद्यात जी आग पेटली ती पेटलीच! वरून कातडी धडधाकट, आत निखारे. सदरा टेकला तरी बोंब, मग घोंगड्याचं नावच नको. आता तुम्हीच सांगा, खांद्यावर घोंगडं नाही तो धनगर कसला?

लोक म्हणायचे, सोंग करतोय. म्हणेनात का! पण नेमका त्याच दिवसांत शेजारच्या गावचा नानासो कोळेकर राहीबाईला, धुळाच्या थोरल्या लेकीला, आपल्या लेकासाठी पसंती सांगायला आला. रीतीप्रमाणं त्यानं मोठ्या मायेनं नवंकोरं घोंगडं धुळाच्या खांद्यावर टाकलं. डाव्याच! धुळानं असा हंबरडा फोडला नि घोंगडं असं भिरकावलं, की ते थेट चुलीपुढच्या राखेत जाऊन पडलं.

"सोयरीक नगं तर तोंडानं सांगायचं हुतं," एवढंच बोलून नानासो उभ्याउभ्या निघून गेला. मागं राहीबाई चुलीपाशी पाठ करून बसली, ती दोन दिवस बापाशी बोलली नाही. धुळाला ती पाठ आपल्या खांद्यापेक्षा जास्त दुखली.

तिसऱ्या दिवशी त्यानं सांगलीची यष्टी धरली. तिथला डॉक्टर बोलायला मोकळा होता.

"नागीण गेली, पण जाताना शीर भाजून गेली. आता ती उगाच बोंबलतेय. ही गोळी खरी उदास माणसाला देतात. तुम्हाला शिरेसाठी कमी मापात द्यायची. रोज झोपताना एक. तोंड कोरडं पडेल, झोप येईल. तीन आठवडे दम धरा."

"आवं, पर म्या कुठं उदास हाय?"

"शिरेला कुठं कळतंय ते?" डॉक्टर म्हणाला.

गोळीनं आधी धुळाची शीळ घालवली. तोंडाला थुंकी नाही, मग शीळ कशी वाजणार? मेंढरं पांगली की हा ओठांचा चंबू करून नुसता फूऽ फूऽ करायचा आणि मेंढरं माना वर करून बघत राहायची. त्यात झोप अशी, की दिवस कासराभर वर आला तरी हा आडवाच. बनाबाई म्हणायची, "नागीण परवडली, हा कुंभकर्ण न्हाई परवडत."

पण तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी दुपारी धुळाच्या ध्यानात आलं, की आपण सकाळपासून सदरा घालून हिंडतोय. गडी जागेवर नाचला! बरं झालोच म्हणून त्यानं गोळी सोडली, चौथ्या दिवशी आग पुन्हा हजर. तेव्हापासून भाकरी चुकेल पण गोळी नाही. शिळेवरही तोड निघाली. चिंचेचं बुटूक गालात धरलं की तोंडाला पाणी सुटायचं आणि अर्धीमुर्धी शीळ वाजायची.

घोळ घातला तो बनाबाईनं. पाणवठ्यावर ती बोलून गेली, "उदास माणसाची गोळी हाय म्हणं." संध्याकाळपर्यंत वाडीभर झालं, धुळा खुळ्याची गोळी खातोय. पारावरची माणसं विचारायची, "काय गड्या, आज उदास का खुशीत?" धुळाही हसून म्हणायचा, "गोळीला इचारून सांगतो." वरून हसायचा खरा, आतून मात्र धास्तावला होता. हे नानासोच्या कानावर गेलं तर? खुळ्याच्या घरची पोर कोण करतंय?

आणि गेलंच की! एका सकाळी नानासो एकटाच येऊन दारात उभा राहिला. आपलं घोंगडं बाजेवर टाकून शेजारी बसला. पाण्याला हात लावला नाही.

"पाव्हणं, खुळ्याची गोळी खाताय, हे खरं का?"

'न्हाई' हा शब्द धुळाच्या अगदी जिभेवर आला होता. पण आत राहीबाईच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. त्यानं उठून पुडी आणली नि नानासोच्या हातात दिली.

"खुळ्याची न्हाई, उदास माणसाची. मी उदास न्हाई, माजी शीर भाजलीया. त्या दिशी तुमचं घोंगडं न्हाई फेकलं, पाव्हणं. आगीचा चटका बसला वो!" असं म्हणून त्यानं बाजेवरचं घोंगडं उचललं आणि डाव्या खांद्यावर घेतलं. "चावतंय जरा. पर सोसतंय."

नानासोनं घोंगड्याकडं पाहिलंच नाही. तो पुडी हातात फिरवत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "धाकटं पोर गेल्यापास्नं आमची लीलाबाई हसली न्हाई. दोन वरसं झाली. समद्यास्नी वाढती नि आपण भितीकडं बघत बसती. देवरुषी झालं, अंगारं झालं. उदास म्हंजी... आसंच का वो?"

धुळा बाजेवर त्याच्या शेजारी टेकला. "व्हय, पाव्हणं. आसंच आसंल."

"मग ह्यातली एक द्या मला."

"न्हाई!" धुळानं पुडी काढूनच घेतली. "ही माज्या शिरंच्या मापाची. वैनीचं माप डॉक्टर काढंल. उद्याच्या यष्टीनं त्यास्नी घिऊन चला. मी येतो संगं."

"लोक काय म्हणत्याल?"

"म्हणत्याल, दोन्ही इवाई मिळून खुळं झालं!"

नानासो हसायला गेला आणि हसता हसता त्याला रडू फुटलं. व्याही म्हणून हाक मारणाऱ्या माणसाच्या गळ्यात पडून तो लहान पोरागत रडला. डोकं टेकलं ते नेमकं डाव्या खांद्यावर. खांदा चांगलाच पेटला, पण धुळानं तो तसूभर हलू दिला नाही.

"राहे," त्यानं आत हाक दिली, "उद्याच्या यष्टीला तिघांच्या भाकरी बांध. तुझी सासू येणार हाय संगं."